सकाळचं फेकणं

माझ्या नातीच्या, इलाच्या, कोपराचा रिपोर्ट बुधवारी मिळाला. माझ्या बायकोचं, जयवंताचं, वर्षश्राद्ध शुक्रवारी होतं. माझा मुलगा धनंजय म्हणत होता, श्राद्ध उरकल्यावर दवाखान्याचं पाहू. पण मंगळवारी जेवताना इलाने डाव्या हाताने घास उचलला आणि वर्षालीने ते पाहिलं. ती माझी सून, शिक्षिका आहे. मुलं काय लपवतात ते तिला कळतं. तिने सुट्टी टाकली आणि आम्ही चौघं सिंदीहून वर्ध्याला गेलो.

सकाळी तपासणी झाली, चार वाजता डॉक्टरांनी आत बोलावलं. डॉक्टर तरुण होता. त्याने फिल्म उजेडाला धरली आणि पेनाने एक जागा दाखवली.

"कोपराच्या आतल्या बाजूचा हा बंध फाटला आहे. आणि हाड जिथून वाढतं, तिथेही इजा आहे. हे एका दिवसात झालेलं नाही. आठ-दहा महिने दुखत असणार. सांगितलं का नाहीस गं?"

इलाने बाही कोपराखाली ओढली.

"सोमवारी तिची राज्याची निवड आहे, अमरावतीला," धनंजय म्हणाला. "बेसबॉल. पिचर आहे ती, चेंडू फेकणारी."

"सोमवार विसरा. सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही. त्यानंतर बघू. हात रोजच्या कामाला येईल. पण आधीसारखा जोर राहील असं मी सांगू शकत नाही."

वर्षालीने पदराने तोंड पुसलं. धनंजय फिल्मकडे बघत राहिला. आपल्याच अंगाची फिल्म असावी तसा.

"रोज किती चेंडू टाकायचीस?" डॉक्टरने विचारलं.

"साठ," इला म्हणाली. "आमचे सर मोजतात. साठच्या वर फेकू देत नाहीत."

"फक्त साठ? आणखी कुठे नाही?"

इलाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"नाही. साठच," ती म्हणाली.

मी तिथेच बोलायला हवं होतं. रोज सकाळी साडेपाचला ती मला चेंडू फेकत होती, हे त्या खोलीत डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिच्या आईला माहीत होतं, तिच्या बापाला माहीत होतं. पण त्या फेकण्याला आमच्या घरात कोणी फेकणं समजत नव्हतं. ते माझं औषध होतं.

जयवंता मागच्या कार्तिकात गेली. तेरावं झाल्यावर मी खाटेवरून उठेना, सकाळचं फेकणंही थांबलं. जेवण सांगितलं तर जेवायचो, नाहीतर नाही. मग एके दिवशी वर्षालीने पोरीच्या हाती माझा जुना कॅचरचा मिट, म्हणजे चेंडू झेलायचा जाड हातमोजा, दिला आणि तिला माझ्या खोलीच्या दाराशी उभं केलं. इला म्हणाली, "आबाजी, मले कॅचर पायजे." मी उठलो. घरामागे कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा आहे. मी पावलांनी अंतर मोजलं आणि झेलायला बसलो. त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या. घरच्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग वर्षभर तेच.

मी शिकलेला माणूस नाही. सिंदीच्या हायस्कुलात चौतीस वर्षं शिपाई होतो. मैदानावर चुन्याने बेसबॉलचा चौकोनी डायमंड आखायचो, आणि एक दिवस कॅचर आला नाही म्हणून मला बसवलं, तेव्हापासून चेंडू झेलत आलो. माझा मुलगा त्याच मैदानावर तयार झाला. वीस वर्षांपूर्वी या जिल्ह्यातून तीन मुलांची नावं पेपरात आली होती. पिचर धनंजय, त्याचा कॅचर हिंगणीचा ताराचंद, आणि मुलींमधली माधवी. तिघांना भारताच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. पेपरने लिहिलं होतं, ही नावं लक्षात ठेवा. माधवीचं शिबिराआधीच लग्न झालं. धनंजयचा खांदा शिबिराच्या पहिल्या आठवड्यात गेला. पिचर परत आला आणि मागोमाग ताराचंदलाही पाठवून दिलं. विशीनंतर तिघांपैकी कोणी खेळलं नाही. धनंजयला खेळाच्या कोट्यातून सेलूच्या पंचायत समितीत कारकुनी मिळाली. लोक आता त्याला दाखल्यासाठी ओळखतात.

मग इला मोठी झाली आणि तिचा हात बापासारखा निघाला. घरात कोणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं की राहिलेलं आता ही करेल.

परतताना गाडीत धनंजय पुढे बसला होता. सेलूच्या पुढे आल्यावर बोलला.

"साठ फेकून कोपर फाटते का कोणाचं? सरानं खोटं मोजलं. जिंकायची हौस. माह्या पोरीचा हात वापरून घेतला त्यानं."

"सर खोटं नाई मोजत, बाबा," इला म्हणाली.

"तू चूप राह्य. तुले काय समजते? तू लहान आहे."

वर्षाली खिडकीबाहेर बघत होती. कापसाचे टेम्पो जिनिंगकडे जात होते. मी माझा डावा हात मांडीखाली ठेवला होता. तो का ठेवला होता ते पुढे येईल.

गुरुवारी पहाटे मला सवयीने जाग आली. मिट खुंटीला होता. इलाचं दार बंद होतं. मी चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवला. जयवंता असती तर या वेळी मागच्या दारात बसून तीच चहा करत असती. आम्ही फेकत असायचो, आणि चहा उकळला की ती ओरडायची, "पुरे करा आता, थंडा होऊन राह्यला." आम्ही थांबायचो. धनंजय लहान होता तेव्हाही असंच. मोजायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं, कारण चहा होता. चहा होईपर्यंत तीस-चाळीस चेंडू व्हायचे असतील. ती गेल्यावर आम्हाला कोणी थांबवलं नाही. आम्ही अंगावर ऊन येईपर्यंत फेकायचो.

हे मला त्या पहाटे गॅससमोर उभा असताना कळलं. चहा उतू गेला.

नऊ वाजता अण्णाजी आले. माझे मोठे भाऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण धोतराला सुरकुती नाही. त्याच हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक होते आणि मी शिपाई. मला चिकटवलंही त्यांनीच. ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांना शाळेत सर आणि घरी अण्णाजी म्हटलं. त्यांच्यासमोर आवाज वर केल्याचं मला आठवत नाही. आता ते संस्थेच्या कार्यकारी मंडळात आहेत.

"पोरगी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"झोपली आहे, मोठे मामाजी," वर्षाली म्हणाली.

"झोपू दे. धनंजय, बस इथे. मी रात्रभर विचार केला. तुझा खांदा गेला तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. मी कोणाला एक प्रश्न विचारला नाही. नशीब म्हटलं आणि गप्प बसलो. ती चूक या वेळी करायची नाही. हा इलाचा सर, सुश्रुत, कोण? तासिका तत्त्वावर घेतलेला माणूस. दोन वर्षं झाली नाहीत त्याला."

"मोठेबाबा, त्याले काढाच," धनंजय म्हणाला.

"काढायचंच आहे. पण रीतसर. अर्ज पाहिजे. पालकाचा."

अण्णाजींनी स्वतःच्या पेनाने अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. खेळाडूची प्रकृती न पाहता मर्यादेपेक्षा जास्त सराव करून घेतला, कायमचं नुकसान केलं, असं त्यात होतं. धनंजयने सही केली. मग अण्णाजींनी कागद माझ्याकडे सरकवला.

"माणिक, तूही कर. चौतीस वर्षं त्या शाळेत होतास. तुझ्या सहीला वजन आहे."

माझ्या सहीला वजन आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं. पगारपत्रकाशिवाय मी फारशा सह्या केल्या नाहीत. मी वर्षालीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान खाली घातली. मी सही केली.

त्या दिवशी संध्याकाळी सुश्रुत सर आले. मी आत होतो. वर्षाली नळावर भांडी विसळत होती, तिने पाहिलेलं मला नंतर सांगितलं. सरांनी गाडी फाटकाबाहेर लावली. हातात एक लांब वही होती.

"धनंजय भाऊ, पाच मिनिटं द्या. ही बघा, जूनपासूनची आहे. तारखेनुसार. एक दिवस एकसष्ट आहे, तो पण लिहिला मी."

"वहीत काहीपण लिहता येते."

"मी तुमचं नाव ऐकून या खेळात आलो, भाऊ. मी नववीत होतो, तुम्ही विभागाची फायनल खेळले होते. तुमचं काय झालं ते ऐकूनच मी मोजायला लागलो."

"माह्यं नाव घेऊ नको."

"मी इलाला विचारलं होतं, दिवाळीनंतर. हात जड का येऊन राह्यला म्हणून. नाही म्हणाली. तिला एकदा विचारू द्या. घरी कुठे फेकत होती का?"

"घरी कुठे फेकते? घरी काय ग्राउंड आहे?" धनंजय म्हणाला. "तुमी स्वतःची चूक लोकाईच्या घरात नका शोधू. जा."

वर्षाली म्हणते, त्या वेळी तिच्या हातातलं पातेलं निसटलं. धनंजय खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की घरी कोणी फेकत नाही. घरी फक्त मुलगी आजोबाला बरं वाटावं म्हणून थोडा वेळ जाते. सरांनी वही पिशवीत घातली आणि गेले. गाडी सुरू करायला त्यांना तीन-चार किका माराव्या लागल्या.

वर्षाली आत आली. इला उद्यासाठी उडदाची डाळ निवडत बसली होती, डाव्या हाताने.

"आई, सरांचं नाव नको यायला," इला म्हणाली.

"मग कोणाचं यायला पायजे?"

इला डाळ निवडत राहिली.

"केव्हापासून दुखत होतं, इला? खरं सांग."

"होळीपासून."

"मग सांगितलं काऊन नाही? मी तुझी आई आहे का कोण आहे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सकाळचं बंद केलं असतं," इला म्हणाली. "आबाजी परत झोपून राह्यले असते."

वर्षाली तिथेच पाटावर बसली. तिला सगळं कळलं. मिट पोरीच्या हातात तिनेच दिला होता. ती मला पुढे म्हणाली, "मामाजी, मी त्याच वेळी बाहेर येऊन सांगायला पाहिजे होतं. पण उद्या आत्याबाईचं श्राद्ध. म्हटलं, तुमच्यासमोर कसं बोलू? आणि तुमच्याआधी माझंच नाव आलं असतं." म्हणजे त्या रात्री आमच्या घरात तीन माणसांना खरं माहीत होतं आणि तिघंही एकमेकांसाठी गप्प होतो. सरांसाठी कोणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भटजी आले. धनंजयने विधी केला. खांद्यामुळे त्याचा उजवा हात वर जात नाही, म्हणून भटजींनी समोरचं ताट जरा खाली ठेवायला सांगितलं. मला वाटलं, वीस वर्षं मी हे पाहतो आहे आणि आज पहिल्यांदा पाहतो आहे.

अकरा वाजता ताराचंद आला. दह्याचे दोन डबे घेऊन. तो कारंजा घाडगेला हायवेवर ढाबा चालवतो. नाव ठेवलंय होम प्लेट, बेसबॉलमध्ये कॅचर जिच्यामागे बसतो ती पाटी. ट्रकवाल्यांना वाटतं इथे घरच्यासारखी थाळी मिळते, म्हणून गर्दी असते. जयवंताला तो आई म्हणायचा. दोन वर्षं तो आमच्याच घरी जेवला होता.

"कुठी आहे आमची पिचर?" त्याने अंगणातूनच विचारलं. इला बाहेर आली. तिच्या गळ्यात झोळी होती, हात त्यात. ताराचंदचं हसू गेलं. "अबे, हे काय?"

इलाने दोन वाक्यांत सांगितलं आणि आत गेली.

मी तांब्याने त्याच्या हातावर पाणी घालत होतो. तांब्या उजव्या हातात होता, खालून डावा लावला होता.

"थांबा, काकाजी. डावा हात दाखवा."

"काही नाई त्यात."

"दाखवा म्हणतो ना."

त्याने माझा पंजा उलटा केला. पहिल्या बोटाच्या मुळाशी सुजून घट्ट झालेलं होतं, निळं-काळं. कातडी जोड्यासारखी झाली होती. त्याने अंगठ्याने दाबलं. मला कळ आली.

"मिट जुना झाला," मी म्हणालो.

"मिटाचं मले नका सांगू. म्या आठ वर्सं धनूचे चेंडू झेलले, मंग माह्या हाताले असं झालं. किती फेकते ती तुमाले?"

"सकाळी थोडे."

"थोडे म्हंजे?"

"मोजले नाई."

"शंभर?"

मी तांब्या खाली ठेवला.

"रोज?"

"सणावाराले पण."

ताराचंदने ओले हात पॅन्टला पुसले. आतून भटजींचा आवाज येत होता.

"मंग साठ सराचे अन् शंभर तुमचे. पंधरा वर्साच्या पोट्टीले." तो हळू बोलत होता, पण ओरडल्यासारखं वाटत होतं. "काकाजी, पोट्ट्याचा हात म्हंजे काय विहीर आहे का? उपसली का रात्री भरते? धनूले माहीत आहे?"

"सकाळी फेकतो हे सगळ्याईले माहीत आहे. ते मोजायचं असते हे कोणाच्या ध्यानात नाई आलं."

"अन् सराचं नाव घेऊन राह्यले म्हणते इला. अर्ज दिला म्हणते."

"माही पण सही आहे त्याच्यावर."

ताराचंदने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वळवली.

"आई असती तर काय म्हटलं असतं तुमाले?" तो म्हणाला. "म्या नाई सांगणार कोणाले. पण मी त्या पंगतीत बसून गप्प जेवणार पण नाई. तुमी सांगा, नाहीतर मी उठून जातो."

पंगत ओसरीवर बसली. अण्णाजी, भटजी, धनंजय, ताराचंद आणि शेजारचे दोघं. वर्षाली वडे वाढत होती. मी कढीचं भांडं घेऊन उभा होतो. अण्णाजींनी चित्राहुती घातली आणि म्हणाले:

"बरं का धनंजय, सकाळी सचिवांचा फोन आला होता. अर्ज पोचला. सोमवारपासून त्या सुश्रुतला मैदानावर येऊ नको म्हणून कळवलं. पुढच्या बैठकीत त्याचं नाव काढून टाकतील. हे आज व्हावं हे बरं झालं. जयवंताच्या आत्म्याला समाधान."

"पुरे झालं," धनंजय म्हणाला. "कोणी तरी जबाबदार धरलं गेलं एकदाचं."

ताराचंद पानाला हात न लावता माझ्याकडे बघत होता. इला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. तिने मला मानेने नाही म्हटलं. अगदी थोडी मान हलवली. डॉक्टरसमोर जशी माझ्याकडे पाहत होती तसंच.

"अण्णाजी, ते चुकीचं झालं," मी म्हणालो.

"काय चुकीचं?"

"सराचं. पोट्टीचा हात सरानं नाई घालवला. म्या घालवला."

भटजींनी घास खाली ठेवला.

"माणिक, आज तुझ्या बायकोचं श्राद्ध आहे. तू बस. वर्षाली, त्याला बसव."

"बसत नाई. रोज सकाळी ती मले चेंडू फेकत होती. वर्षभर. शंभराच्या वर. सर साठावर थांबवत होते अन् मी थांबवत नव्हतो."

"आबाजी!" इला म्हणाली.

"तू थांब. डॉक्टरले तू माह्यासाठी खोटं सांगतलं. आता पुरे."

अण्णाजींचा चेहरा लाल झाला. "काल सही केली ते खरं, का आज बोलून राह्यला ते खरं?"

"आजचं."

"मग काल हात धरला होता का मी तुझा?"

"नाई धरला. तुमी माह्या सहीले वजन आहे म्हटलं. मले बरं वाटलं."

"बह्याड झाला तू," अण्णाजी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून वेड्यासाठीचा हा गावठी शब्द ऐकला नव्हता. "संस्थेत माझं काय राहील? काल अर्ज, आज माघार? लोक म्हणतील म्हाताऱ्यानं पुतण्याच्या खांद्याचा सूड घेतला. ते कागद काही परत येत नाहीत, समजलं? शोकात माणूस काहीही बोलतो. हे मी ऐकलं नाही. कोणीच ऐकलं नाही."

"मी ऐकलं, मोठे मामाजी," वर्षाली म्हणाली. वड्यांचं ताट तिने खाली ठेवलं होतं. "आणि मिट इलाच्या हातात मी दिला होता. ते पण ऐका."

ताराचंदने मान डोलावली. "मी पण ऐकलं." शेजारचे दोघं पानाकडे बघत होते.

धनंजयने हातातला वडा पानावर ठेवला. तो खिरीच्या वाटीकडे बघत होता. मला वाटलं तो इलाबद्दल बोलेल. माझ्यावर ओरडेल. मी त्याची तयारी केली होती.

"बाबा," तो म्हणाला. "माह्या बारावीच्या वर्षी आई हिंगणीले होती ना? आजी आजारी होती तेव्हा."

"हाव."

"किती महिने?"

"चार."

"दसऱ्यापासून."

"हाव. दसऱ्यापासून."

"तेव्हा आपण सकाळी किती फेकत होतो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. आई घरी नाही, पोराला करमत नाही, शिबिराचं बोलावणं आलेलं, आणि मला तो चेंडू हातात येताना जो आवाज व्हायचा तो आवडायचा. शाळेची घंटा द्यायला मला दोनदा उशीर झाला होता त्या चार महिन्यांत.

"ऊन अंगावर येईपर्यंत," मी म्हणालो.

"म्हंजे किती?"

"नाई मोजले, धनू. तेही नाई मोजले."

तो श्राद्धाच्या पानावरून उठला. असं कोणी उठत नाही. भटजी म्हणाले, "अहो, पान..." पण तो अंगणात गेला, डाव्या हाताने हातावर पाणी घेतलं आणि फाटकाबाहेर गेला. थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला. अण्णाजीही उठले. त्यांनी चप्पल घालताना माझ्याकडे पाहिलं नाही. वर्षाली त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली, ते थांबले नाहीत.

ताराचंद जेवला. सगळं जेवला, दोनदा कढी घेतली. म्हणाला, "आईचं पान आहे, वाया नाई घालवत." मग डबे धुऊन घेतले आणि जाताना इलाच्या डोक्यावर हात ठेवला. "सहा महिने माह्या ढाब्यावर येजो रविवारी. कांदे झेलाले शिकवतो डाव्या हातानं."

इला हसली नाही. तो गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही काऊन सांगितलं? मी नाही म्हणत होती ना."

"सराची नोकरी जाऊन राह्यली होती, बाई."

"मला माहीत आहे. मी सांगणार होती सरांना. नंतर." तिने झोळी सारखी केली. "आता बाबा म्हणतील, सगळं उगाच फेकलं. आबाजी, मी उगाच नव्हती फेकत. तुम्ही उठत नव्हते."

मी उठत नव्हतो हे खरं होतं.

धनंजय संध्याकाळी परत आला. शाळेच्या मैदानावर बसून होता, असं कोणीतरी वर्षालीला सांगितलं. तो माझ्याशी बोलला नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. जेवायला बसतो, कढी वाढली तर घेतो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी अमरावतीची निवड झाली. दुसऱ्या मुली गेल्या. कोण निवडलं ते पेपरमध्ये आलं, वर्षालीने पेपर बाजूला ठेवला, इलाने तो शोधून वाचला.

मी वर्षालीकडून एक कागद लिहून घेतला. अर्जातली गोष्ट खरी नाही, सुश्रुत सरांचा दोष नाही, घरचा आहे, असं त्यात आहे. त्यावर मी सही केली. वर्षाली म्हणाली, पालक म्हणून बापाचीही लागेल, नाहीतर मंडळ घेणार नाही, आणि मंडळात अण्णाजी आहेत. मी तो कागद धनंजयच्या ऑफिसच्या पिशवीवर ठेवला. चार दिवस झाले. तो कागद पिशवीवरून काढून टेबलावर ठेवतो, पिशवी घेऊन सेलूला जातो, आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा कागद टेबलावरच असतो. त्याने फाडला नाही.

मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. कागदावर धनंजयची सही झालेली नाही. सुश्रुत सरांच्या घरी मी अजून गेलेलो नाही.